लंडनची बॅरिस्टर व्हायचंय, पण घर चोपड्याला आहे

पत्र: नमस्कार ताई, मी चोपडा तालुक्यातली, जळगावला लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी केळीची शेती. मला मानवाधिकार आणि पब्लिक लॉ मध्येच काम करायचंय. लंडनच्या एका बॅरिस्टर बाईंचं भाषण ऐकल्यापासून आपणही बॅरिस्टर व्हायचं हेच डोक्यात आहे. काका चोपडा कोर्टात वकील आहेत, ते म्हणतात ह्यात पैसा नाही, माझ्याजवळ बस, चेक बाउन्स, वाटणी, खावटीच्या केसेस कर, नाहीतर जज्जची परीक्षा दे. वडील म्हणतात जायचंच असेल तर दोन एकर काढून टाकू. माझं बोलणं अहिराणी वळणाचं, इंग्रजी जेमतेम. काय करू?

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी वडिलांना सांग की शेताला हात लावू नका, पुढची तीन-चार वर्षं तरी त्याची काही गरज पडणार नाहीये. बाकीचं सावकाश बोलू, कारण तुझ्या पत्रात काम कुठलं करायचं, डिग्री कुठली घ्यायची आणि पोट कशावर भरायचं हे सगळं एकात एक गुंतलंय.

बॅरिस्टरचं आधी संपवते. आपल्याकडे १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला तेव्हापासून वकिलांचा एकच वर्ग आहे, ॲडव्होकेट, त्यातल्याच काहींना पुढे हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट सीनियर ॲडव्होकेट करतं. म्हणजे तू लंडनहून बॅरिस्टर होऊन आलीस तरी इथल्या कोर्टात उभी राहशील ती सनदेवरच, आणि ती सनद तुला जळगावच्या डिग्रीवर मिळणारच आहे. फीची पण भीती नको, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की नावनोंदणीला जनरलकडून ७५० आणि एससी-एसटीकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा, ती अभ्यास केला की निघते.

लंडनचा रस्ता कसा आहे तेही नीट समजून घे, कारण त्या भाषणात हा भाग बहुतेक आला नसेल. तिथे चार इन्स आहेत, लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल, त्यातल्या एकाचं सदस्य व्हायचं, बारचा कोर्स करायचा, तो लाखांत जातो, मग 'कॉल' होतो आणि नावापुढे बॅरिस्टर लागतं. पण प्रॅक्टिस त्याने सुरू होत नाही. त्यासाठी एक वर्षाची प्युपिलेज लागते, पहिले सहा महिने नुसतं सीनियरच्या मागे, पुढचे सहा महिने स्वतः कोर्टात, आणि सगळं अडतं ते तिथेच. कोर्स करणारे भरपूर, जागा त्या मानाने फार थोड्या, आणि पब्लिक लॉच्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या एकत्र ऑफिसांमध्ये, तर ऑक्सफर्ड-केंब्रिजची पोरंसुद्धा दोन-दोन तीन-तीन वर्षं अर्ज करत बसतात. इथे काही वर्षं वकिली केलेल्याला तिकडच्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे काही टप्प्यांची सूट मागता येते, पण प्युपिलेज किंवा चेंबरमधली जागा कोणी हातात आणून देत नाही. एवढं करून चेंबरमध्ये जागा मिळाली तरी पगार नसतो, स्वतःच्या कामावर जगायचं, आणि मानवाधिकाराचं बरंचसं काम लीगल एडच्या, म्हणजे सरकारी कायदा मदतीच्या, पैशावर चालतं जे तिथे सुद्धा कमीच आहेत. तिथले वकील ते काम आवडीनेच करतात आणि फार चांगलं करतात, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, फक्त शेत विकून जायचा तो रस्ता नव्हे.

आणि एक गोष्ट मला तुला आवर्जून सांगायचीये. लंडनचा बॅरिस्टर १९९८ च्या ह्यूमन राइट्स ॲक्टवर भांडतो, तो कायदा ऑक्टोबर २००० मध्ये लागू झाला. त्या कायद्याखाली कोर्टाला संसदेचा कायदा रद्द करता येत नाही, फार तर हा कायदा मानवाधिकारांशी विसंगत आहे असं जाहीर करता येतं. २००४ मध्ये बेलमार्शच्या केसमध्ये तसंच झालं, परदेशी नागरिकांना खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या तरतुदीवर तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने विसंगतीचा शिक्का मारला, पण त्या निकालाने कोणी लगेच बाहेर आलं नाही, पुढचं संसदेने ठरवलं. आपल्याकडे? राज्यघटनेचं कलम १३ आहे, कायदाच रद्द होऊ शकतो. कलम ३२ ने थेट सुप्रीम कोर्ट, कलम २२६ ने हायकोर्ट, आणि २२६ तर मूलभूत हक्कांपुरतं पण मर्यादित नाही. सत्तेला जाब विचारायची एवढी ताकद हातात असलेला वकील जगात फार ठिकाणी नाहीये, आणि ती सनदेच्या पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे असणार. डॉ. आंबेडकर स्वतः ग्रेज इनचे बॅरिस्टर, १९२३ ला परत येऊन मुंबईत वकिली सुरू केली, पण १९३७ ला ते केसच्या कामासाठी धुळ्याच्या कोर्टात आले होते आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले होते, अजून दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. एवढा मोठा बॅरिस्टर जिल्हा कोर्टात उभा राहायला कमीपणा मानत नव्हता, हे चोपडा कोर्ट लहान वाटायला लागलं की आठव.

आता मुख्य काम. पब्लिक लॉ म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर मोठी भाषणं येतात, एन्काउंटर, आंदोलन, टीव्ही. ते असतंच, पण रोजचं काम वेगळं आहे. कुठल्या तरी ऑफिसने कुठल्या तरी माणसाला 'नाही' म्हटलेलं असतं, आणि ते नाही कायद्यात बसतं का, विचार करून म्हटलंय का, समोरच्याचं ऐकून घेतलंय का, कारण दिलंय का एवढं तपासायचं असतं. आपल्याकडचा म्हातारा तहसीलच्या ओट्यावर बसून विचारतो ना, "काबर नही?", तेवढाच प्रश्न तुला इंग्रजीत, शपथपत्रावर आणि नियमाचा नंबर टाकून विचारायचा असतो.

आणि हे काम खान्देशात ढिगाने पडलंय गं. तुझ्याच तालुक्याचं बघ. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या वरच्या पट्ट्यात वनदावे किती आहेत. २००६ चा वनहक्क कायदा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असलेल्या आदिवासीला ४ हेक्टरपर्यंत हक्क देतो, दावा ग्रामसभेत सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. कागदावर फार चांगला कायदा आहे. पण नामंजुरीचे आदेश वाचलेस तर कितीतरी आदेशांत एक ओळ सापडेल, "पुरावा नाही". कुठला पुरावा दिला होता, तो का चालला नाही, जागेची पाहणी केली का, दावेदाराला बोलावलं का, काही नाही. कधी तर तो आदेश दावेदाराला मिळालेलाच नसतो, त्याला वाटतं दावा अजून चालू आहे. वर १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढायला सांगितलं आणि पंधरा दिवसांनी २८ तारखेला स्वतःच तो आदेश थांबवला, कारण राज्यांनी दावे नामंजूर करताना नीट पद्धत पाळली का हाच प्रश्न समोर आला. म्हणजे सगळ्या देशातल्या लाखो कुटुंबांचा प्रश्न शेवटी येऊन टेकला तो उपविभागीय समितीच्या त्या एका ओळीवर. ती ओळ वाचता येणारा, तिच्यातलं काय चुकलं ते सांगता येणारा वकील डोंगराखालच्या गावात हवा, आणि तो तिथे जवळजवळ नसतो.

इथे एक निकाल पाठ करून ठेव, मोहिंदर सिंग गिल, १९७८. त्यात सुप्रीम कोर्ट म्हणतं की सरकारी आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर कोर्टात शपथपत्र टाकून नवीन कारणं घुसवता येत नाहीत. माझ्या मते पब्लिक लॉचा निम्मा धंदा या एका वाक्यावर चालतो. म्हणून पक्षकार आला की पहिला प्रश्न विचारायचा, आदेश कुठेय, तारीख काय, तुमच्या हातात कधी पडला, आणि तुम्ही अर्जासोबत काय काय जोडलं होतं त्याची पोच आहे का. पोच नसते. बहुतेक वेळा नसतेच. आपली माणसं साहेबाच्या टेबलावर कागद ठेवून रामराम करून येतात आणि पुढे कोर्टात साहेब म्हणतात कागद आलाच नव्हता. तू जर पुढची दोन वर्षं गावातल्या लोकांना फक्त एवढंच शिकवलंस की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर पडायचं नाही, तरी ते मानवाधिकाराचं काम झालं असं मी म्हणेन.

दुसरं मोठं काम जातपडताळणीचं. टोकरे कोळी, ठाकूर आणि अशा बऱ्याच जमातींचे दावे पडताळणी समितीत फेटाळले जातात आणि पोरं औरंगाबाद खंडपीठात रिट, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्धची याचिका, घेऊन येतात, ॲडमिशनची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, सर्क्युलेशन घेऊन, म्हणजे तातडीची सुनावणी मागून, त्याच दिवशी मॅटर बोर्डावर आणायची धावपळ असते. ही समितीची पद्धत १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आली, नंतर राज्याने कायदा केला. १९५० च्या आधीच्या शाळेच्या नोंदी, गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, रक्ताच्या नात्यात कोणाला व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, मिळालीये का, ह्यावर सगळी केस फिरते. ॲफिनिटी टेस्ट, म्हणजे चालीरीती जमातीशी जुळतात का ही तपासणी, ही काही शेवटची कसोटी नव्हे असं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा स्पष्ट केलं. पण हे पण लक्षात ठेव की दुसऱ्या बाजूला डोंगरातला पावरा, भिल्ल असतो, खोट्या दाखल्यावर आपल्या पोरांच्या जागा जातात ही त्याची भीतीसुद्धा खरी आहे, त्याचा पण तो हक्कच आहे. दोन्ही बाजूंचे कागद बघून मग बोलायची सवय लावून घे. इंग्लंडच्या बॅरिस्टरांचा एक नियम आहे, कॅब रँक म्हणतात त्याला, आपल्या कामातली केस आली, वेळ असला आणि फी ठीक असली तर पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारायची नाही. लंडनहून काही उचलायचंच असेल तर हे उचल, त्याला व्हिसा लागत नाही.

पैशाचं काका म्हणतात ते अगदीच खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. नुसत्या पीआयएलवर, म्हणजे जनहित याचिकांवर, कोणाचं घर चालत नाही. पण पब्लिक लॉ म्हणजे फक्त पीआयएल असं कोण म्हणालं? शिक्षकाची मान्यता शिक्षणाधिकाऱ्याने नाकारली, ग्रामपंचायत सदस्याला जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र केलं, पेन्शन अडवली, केळीच्या पीक विम्याचा दावा बसला नाही, हायवेला जमीन गेली आणि मोबदला कमी लागला, ही सगळी पब्लिक लॉचीच कामं आणि ह्यात पक्षकार फी देतो. सुरत-नागपूर हायवेच्या चौपदरीकरणात धुळ्यापासून जळगावपर्यंत किती जमिनी गेल्या तू पाहिलंच असशील, आणि २०१९ च्या तरसेम सिंग निकालानंतर हायवेत जमीन गेलेल्यांना सोलेशियम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि व्याज मागायचा रस्ता मोकळा झाला. ह्या कामावर ऑफिसचं भाडं निघतं, आणि मग पाड्यावरच्या बाईची केस बिनफीची करताना हात थरथरत नाही. नुसत्या उत्साहावर बिनफीचं काम करणारी फार चांगली पोरं मी चार-पाच वर्षांत थकून वकिली सोडून जाताना बघितलीत. तू तसं करू नकोस, घरी खर्चाला पैसे आणणं हे पण या कामाचाच भाग आहे असं समज.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं, पहिली दोन-तीन वर्षं काकांजवळ बस. हो, चेक बाउन्स, वाटणी, खावटी सगळं कर. उलटतपासणी काय असते, रोजनामा कसा वाचायचा, नक्कल विभागातून कागद कसा काढायचा, साक्षीदार घाबरला की काय करायचं, हे हायकोर्टात कोणी शिकवत नाही आणि ज्यांना हे येत नाही त्यांच्या रिटमध्ये लगेच दिसतं. आणि काकांच्या ऑफिसात बसून तू रोज रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन उभी राहा. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत हजर केलं का, अटकेची कारणं लेखी दिली का, घरच्यांना कळवलं का, मेडिकल झालं का, मारहाण झाली का हे विचारायचं. १९९७ चा डी. के. बसू निकाल सगळ्यांनी परीक्षेला लिहिलेला असतो, तालुक्याच्या कोर्टात तो मोठ्याने कोण म्हणतं? हुसैनारा खातून १९७९ ची केस वाच, बिहारच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं खटल्याशिवाय सडत पडलेली माणसं होती, कित्येकांनी गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा जास्त दिवस आत काढलेले. त्यांना कोणी भाषण करणारा लागत नव्हता, जामिनाचा अर्ज करणारा लागत होता.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पण नाव दे. १९८७ च्या कायद्याखाली बायका, एससी-एसटी, कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळतो, कमाईची अट या लोकांना लागत नाही, आणि हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. आता लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणून पूर्णवेळ नेमणुका पण होतात, असिस्टंटच्या जागेवर नव्या वकिलाला घेतात, दरमहा मानधन असतं, फक्त त्या काळात खासगी प्रॅक्टिस बंद ठेवावी लागते. मानवाधिकार आयोगाबद्दल पण विचारशील म्हणून सांगते, तिथे तक्रार जरूर कर पण घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि आयोग शिफारस करतो, हुकूम सोडत नाही. लोक आयोगाच्या भरवशावर बसतात आणि इकडे हायकोर्टात जायला उशीर होतो, रिटला ठरलेली मुदत नसली तरी उशीर का झाला हे न्यायमूर्ती विचारतातच.

जज्जच्या परीक्षेचं म्हणशील तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणलीये, त्यामुळे तो निर्णय आज घ्यायचाच नाहीये. तीन वर्षांनी बघू.

त्यानंतर औरंगाबाद खंडपीठ. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात, मुंबईला जायचं कारण नाही. तिथे एखाद्या रिट करणाऱ्या सीनियरकडे ज्युनिअर म्हणून लाग, सुरुवातीला हातात फार काही पडणार नाही, खोली दोघी-तिघींनी मिळून घ्यावी लागेल. सीनियर निवडताना नाव किती मोठं हे बघू नकोस, तो ज्युनिअरला ड्राफ्ट करू देतो का आणि केलेला ड्राफ्ट लाल करून परत देतो का एवढं बघ. मुलगी म्हणून आणखी एक, ऑफिसात आधीच्या ज्युनिअर मुली किती वर्षं टिकल्या हे त्यांनाच भेटून विचार, त्या खरं सांगतात.

इंग्रजीचं मला खरंच फार वाटत नाही. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं हे खरं, पण रिटचं इंग्रजी ठराविक आहे, रोज एक निकाल हाताने उतरवून काढलास तर वर्षभरात येतं. उलट पंचनामा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव हे सगळं मराठीत असतं आणि त्याचं बिनचूक भाषांतर करणारा माणूस खंडपीठात शोधून मिळत नाही. तुझी अहिराणी तर तू सोडूच नकोस. म्हातारी बाई तुझ्यासमोर तिच्या बोलीत जे सांगेल ते ती साहेबी मराठी बोलणाऱ्या वकिलाला सांगणार नाही, आणि शपथपत्र त्याच सांगण्यावर उभं राहतं. जमलं तर थोडी पावरी पण शिकून घे.

हरण्याबद्दल तू काही विचारलं नाहीस पण या कामात ते येणारच म्हणून बोलते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या केसमध्ये नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं बुडितात होती. १८ ऑक्टोबर २००० ला सुप्रीम कोर्टाने धरणाच्या बाजूने निकाल दिला, दोन विरुद्ध एक, न्यायमूर्ती भरुचा वेगळे राहिले. मणिबेलीच्या माणसाच्या दृष्टीने केस हरली. पण त्याच निकालात धरणाची उंची पुनर्वसनाच्या बरोबरीनेच वाढवायची असं बांधून दिलं होतं, आणि त्या ओळीला धरून पुढे वर्षानुवर्षं एकेका कुटुंबाच्या जमिनीसाठी कार्यकर्ते आणि वकील भांडत राहिले, कोणाचं नाव यादीतून सुटलंय, कोणाला दिलेली जमीन कसायच्या लायकीची नाही. निकालाच्या दिवशी सगळे पत्रकार होते, या कामाच्या वेळी कोणी नव्हतं. तुला हे दुसरं काम आवडेल का, याचं उत्तर तू स्वतःशी शांतपणे शोध. आवडणार असेल तर तू योग्य जागी आलीयेस.

आणि लंडन कायमचं बंद असं मी म्हणतच नाहीये. चार-पाच वर्षं काम झाल्यावर मानवाधिकार किंवा पब्लिक लॉ मध्ये एक वर्षाचं एलएलएम करायला जा, त्याने बॅरिस्टर होत नाही हे माहीत असू दे, पण शिकायला फार मिळतं. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंगसारख्या स्कॉलरशिपला निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, आणि संपल्यावर दोन वर्षं परत देशात राहायची अट असते, तुझ्या बाबतीत ती अडचण नाहीच. राज्य सरकारच्या पण परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत, तू कुठल्या प्रवर्गात येतेस ते बघून समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा ओबीसी विभागाकडे चौकशी कर. तेव्हा तुझ्या अर्जात लिहायला चोपड्याचं खरं काम असेल.

आत्ता लगेच काय करायचं ते सांगते. सुट्टीत पंधरा दिवस अजिंठ्याच्या रस्त्याने संभाजीनगरला ये आणि खंडपीठात कोर्टहॉलमध्ये मागे बसून राहा, सुनावणी बघायला बहुतेक वेळा कोणी अडवत नाही, पास काढावा लागला तर काढ. डिव्हिजन बेंचचं, म्हणजे दोन न्यायमूर्तींच्या पीठाचं, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) सकाळी बघून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रिट कुठे आहेत त्यावर खूण कर, आणि प्रत्येक मॅटरला न्यायमूर्तींनी वकिलाला पहिला प्रश्न कुठला विचारला तेवढाच वहीत उतरव. येताना गावातला नामंजूर झालेला एखादा वनदाव्याचा आदेश, त्या माणसाला विचारून, सोबत घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू.